बाळ्याला बाईंनी धरलं

...आणि तो आवाजच राहिला नाही हो आता. तुम्हाला सांगतो, मी पहिल्यांदा त्या डॉग शोला गेलो ना, तेव्हा आधी काही दिसलंच नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं. जुन्या धान्यबाजाराची भली मोठी पत्र्याची शेड, आत चारशे कुत्री, एक भुंकलं की सगळी भुंकायची, आणि मग का कोण जाणे सगळी एकदम गप्प व्हायची, आणि ती गप्प झाल्यावरसुद्धा वरचा पत्रा आपला थोडा वेळ घुमत राहायचा. घूंऽऽ... असा. मी दारात उभा, खांद्यावर पान्ह्यांची पिशवी. कुत्रं घेऊन नव्हतो गेलो मी. नळ दुरुस्त करायला गेलो होतो. प्लंबर माणूस, कुत्र्यांच्या पाण्याचा नळ गळत होता, तो बसवला, निघालो, तर कोणीतरी म्हणालं, आता आलाच आहात तर संध्याकाळपर्यंत थांबा, परत गळला तर काय करायचं?

मी म्हटलं, बरं.

त्याला आता तीसेक वर्षं झाली. थांबलोच आहे.

आणि आता काय आहे? आता एखादं कुत्रं भुंकलं तर कोणाचं भुंकलं ते मान न वळवता सांगता येतं. गेल्या खेपेला एक भुंकलं, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं, ते ओशाळलं आणि खाली बसलं. बरं, लोक कुत्री पाळत नाहीत म्हणावं तर तसंही नाही. सकाळी रस्त्यावर निघा, दर चार पावलांवर कुत्रं, कोणाला स्वेटर, कोणाला पावसाळी बूट, एक तर मी बाबागाडीत बसलेलं बघितलं, मालकीण ढकलतेय आणि ते आपलं दोन्ही बाजूंची दुकानं बघत चाललंय. पण शोला आणा म्हटलं की, "नको हो काका, त्याला गर्दीचा त्रास होतो." गर्दी. कुठली गर्दी? या एकदा, आणि मला दाखवा.

आणि एन्ट्र्या अशा आटत चालल्या तरी खर्च काही आटत नाही. शेडचं भाडं झेपेना म्हणून शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये गेलो, तर शाळा म्हणाली नखांचे ओरखडे पडतात फरशीवर. तिथून फर्निचरच्या दुकानामागच्या गोदामात आलो. पूर्वी जज यायचे ते विमानाने यायचे, तीन-तीन जण, त्यांना हॉटेल, गाडी, निघताना शाल. मग दोन झाले, मग एक झाला, मग तो आगगाडीने यायला लागला, मग खजिनदारांच्या घरी उतरायला लागला, आणि मग एकदा खजिनदारांच्या बायकोने विचारलं की हे जज पुढच्या वर्षी येताना स्वतःची चादर आणतील का. जिंकणाऱ्याला रिबिनीचं फूल देतो ना आम्ही, त्याच्यावर पूर्वी वर्ष छापायचं. आता छापत नाही. फोटो काढून झाला की फूल परत घेतो.

हे खजिनदार म्हणजे आमचे चष्मेवाले. चौकात दुकान आहे त्यांचं. फार हुशार माणूस, पण डोकं सतत एकाच गोष्टीत, एन्ट्री कशी वाढेल. पिल्लांना स्पर्धक नाहीत, म्हाताऱ्यांना स्पर्धक नाहीत, तर म्हणाले, पिल्लं आणि म्हातारे एकत्र करा. केले. एक तीन महिन्यांचं पिल्लू एका बारा वर्षांच्या कुत्र्याच्या अंगावर चढून झोपलं आणि पहिलं कोण हे कोणालाच सांगता येईना. मग म्हणाले, जात नसलेल्या कुत्र्यांसाठी एक वर्ग काढू, 'सगळ्यांत गोड डोळे', कोणीही यावं. तर एक माणूस बकरी घेऊन आला. मी दारावर होतो. मी चष्मेवाल्यांकडे गेलो, म्हटलं, बकरी आहे. ते म्हणाले, फी भरतोय ना? म्हटलं, भरतोय. म्हणाले, मग डोळे बघा.

मी म्हटलं, बरं.

बकरी तिसरी आली.

लाउडस्पीकर परवडेना तेव्हा तो बंद केला, आणि सगळ्यांना हाका मारायचं काम कोणाला द्यावं? मला. मी एवढा हळू बोलणारा माणूस, आमची ही म्हणायची, तुमचं वाक्य संपेपर्यंत भात करपतो. पण चष्मेवाले म्हणाले, हळू तर हळू, कुत्री तरी कुठे फार आहेत, घाई कसली?

मी म्हटलं, बरं. आणि अशानेच मी सेक्रेटरी झालो. कमिटीत पूर्वी अकरा माणसं होती. काही गेली, म्हणजे वरच गेली, काही मुलांकडे गेली, दोघं भांडून मांजरांच्या क्लबात गेली. उरलो तिघं. अध्यक्ष मेट्रनबाई, खजिनदार चष्मेवाले, आणि खोलीत आणखी एक माणूस बसला होता, तो मी.

आता मेट्रनबाईंचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

बाई मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून त्या खोलीत शिरल्या की माणूस आपोआप सरळ झोपतो. म्हणजे, बसतो. आमचा क्लब आज उभा आहे तो बाईंमुळे. गोदामाचा मालक आम्हाला इतक्या कमी भाड्यात जागा का देतो? त्याचं ऑपरेशन बाईंच्या वॉर्डात झालं होतं. चष्मेवाल्यांनी एकदा विचारलं, बाई, तुम्ही त्याच्याशी बोलता तरी काय? बाई म्हणाल्या, "काही बोलत नाही. ज्याला मी एनिमा दिलाय तो माझ्याशी घासाघीस करत नाही."

आमची हीसुद्धा त्यांच्याच वॉर्डात गेली. फार नाही सांगत. बाईंच्या हाताखाली इतक्या नर्सेस, कोणालाही सांगून भागलं असतं, पण रोज दुपारी बाई स्वतः यायच्या आणि हिचे केस विंचरून द्यायच्या. शेवटी केस म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी विंचरायच्या. ही गेली, माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि एक दिवस दारात बाई, हातात टोपली, टोपलीत पिल्लू. त्यांच्या कुत्रीला झालेलं. म्हणाल्या, "ह्याचा मागचा पाय बाहेर वळतो. शोच्या कामाचा नाही. तुम्ही ठेवा." तिथे विचारलं नव्हतं, हवंय का. ठेवा.

मी म्हटलं, बरं.

सेटर जातीचं, तांबूस, लांब केसांचं. कागदावर नाव 'तांबड्या टेकडीचा शिलेदार'. घरी बाळ्या. त्याचा सख्खा भाऊ बाईंनी स्वतःकडे ठेवला, तो सरदार. सरदारचं काय सांगावं, नुसता उभा राहिला तरी वाटायचं आता कोणीतरी ह्याचं चित्र काढणार. आणि आमचा बाळ्या उभा राहिला की वाटायचं, ह्याला कोणीतरी खुर्ची द्या.

आता नियम असा आहे की कुत्रं चॅम्पियन व्हायला तीन वेगवेगळ्या जजेसकडून तीन सर्टिफिकेटं लागतात, आणि त्या जातीची निदान दोन कुत्री रिंगमध्ये उतरली असतील तरच ते सर्टिफिकेट मिळतं. एकट्याने जिंकलेलं चालत नाही. आणि सेटर अख्ख्या गावात उरले दोन. सरदार आणि बाळ्या. म्हणून दर वर्षी बाळ्या हरायला यायचा. आमच्यात त्याला भरती म्हणतात. म्हणजे वर्ग भरायला आणलेलं कुत्रं. आज आमच्या शोमध्ये निम्मी कुत्री भरतीचीच असतात, तू माझ्यासाठी हर, मी तुझ्यासाठी हरतो, असं चाललंय. बाळ्याला हरायचं दुःख नव्हतं. त्याला भाऊ भेटायचा.

सरदारला दोन सर्टिफिकेटं कधीच मिळाली होती. तिसरं काही होईना. एका वर्षी त्याचे केस झडले, एका वर्षी पायात काच गेली, एका वर्षी गोदामात पाणी शिरून शोच झाला नाही, आणि एका वर्षी बाळ्यालाच ताप, तर समोर उभं राहायला कोणी नाही. असं करता करता सरदार म्हाताऱ्यांच्या वर्गाला टेकला. आणि यंदा शोच्या आधी बाईंचा फोन.

"नळवाले, ऐका. हे शेवटचं वर्ष. सरदार चॅम्पियन झाला की मी मोकळी. लेक कधीची बोलावतेय, तिच्याकडे जाणार. बाळ्याला आणा, आणि नेहमीसारखं होऊ द्या."

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवला. आणि बघा, त्याच संध्याकाळी चष्मेवाले घरी. चहा नको म्हणाले, म्हणजे काम मोठं. म्हणाले, बाई गेल्या की गोदाम गेलं, गोदाम गेलं की क्लब गेला. दोघांची कमिटी होते का कुठे? बाई जाणार कधी, तर सरदार चॅम्पियन झाल्यावर. म्हणजे तो चॅम्पियन नाही झाला तर? त्या हट्टी आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा येतील. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, हळू आवाजात, "नळवाले, बाईंचा जीव ह्या शोमध्ये आहे. तिकडे लेकीच्या फ्लॅटमध्ये जाऊन गॅलरीत बसून काय करणार आहेत त्या? ह्या वर्षी फक्त सरदार जिंकू नये. एवढं बघा."

मी म्हटलं, बरं.

आता तुम्ही म्हणाल, एकाच तोंडाने दोघांना बरं कसं म्हणालात? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर लोकांच्या स्वयंपाकघरात काम केलंय. सासू म्हणते तोटी उजवीकडे हवी, सून म्हणते डावीकडे. दोघींना बरं म्हणायचं असतं, आणि पाइप जिथे जाईल तिथे लावायचा असतो. पण त्या रात्री झोप नाही लागली. बाईंनी जाऊ नये असं मलाही वाटत होतं ना. चष्मेवाल्यांना क्लबासाठी वाटत होतं. मला कशासाठी, ते मी माझं मलाच नाही विचारलं.

शोचा दिवस. यंदाची काटकसर अशी की गोदाम आम्ही कोंबड्यावाल्या क्लबाबरोबर अर्धंअर्धं घेतलेलं. मधे पडदा. पडद्याच्या ह्या बाजूला कुत्री, त्या बाजूला कोंबड्या. दिवसभर एकूण एक कुत्र्याचं तोंड पडद्याकडे. आणि जजही अर्धीअर्धी, एक तरुण बाई, सकाळी कुत्री बघणार, दुपारी कोंबड्या, आणि तशीच पुढे कुठे गुलाबाच्या प्रदर्शनाला जाणार. हसली नाही कोणाशी. औषधाच्या दुकानदाराचा बॉक्सर त्याच्या वर्गात एकटा. एकटाच. तिने त्याला फिरवलं, दात बघितले, पोटाकडे बघितलं, आणि त्याला दुसरा नंबर दिला. मी हाका मारणारा, मी जवळ जाऊन विचारलं, पहिला कोण? ती म्हणाली, पहिला द्यावा असं कोणी नाही. तो बिचारा फोनवर घरी सांगतोय, "दुसरा आला, दुसरा." पलीकडून बायको विचारत असणार, किती होते? तो म्हणाला, इथे नीट ऐकू येत नाहीये, आणि फोन बंद केला.

आणि आमच्या वर्गाच्या थोडं आधी मेट्रनबाई माझ्याजवळ आल्या, सरदारचा पट्टा हातात, जरा लंगडत. म्हणाल्या, जजसमोर कुत्री पळवायला ज्या माणसाला पैसे देऊन बोलवायचो तो यंदा आलाच नाही, एवढ्याशा कुत्र्यांसाठी त्याला परवडत नाही. "माझा गुडघा पळू देणार नाही. सरदारला तुम्ही पळवा. बाळ्याला मी धरते. त्याला काय, नुसतं धरून उभं राहायचं."

असं चालतं आमच्यात, एकाचं कुत्रं दुसऱ्याने फिरवलेलं. मी म्हटलं, बरं. पण म्हणताना मी खांबाकडे बघितलं. चष्मेवाले तिथेच उभे, त्यांनी माझ्या हातात सरदारचा पट्टा बघितला आणि चेहरा असा उजळला, की जणू मीच ही युक्ती काढली. त्यांनी मला लांबून हाताने खूण केली. झटका. पळताना पट्ट्याला एक छोटासा झटका द्यायचा, बस, कुत्र्याची चाल मोडते, कोणाला कळतही नाही.

मला कळत होतं ना. सगळं माझ्या हातात होतं, अगदी दोन बोटांत. झटका दिला की बाई पुढच्या वर्षी परत. नाही दिला की बाई लेकीकडे.

आणि मी पळालो. तुम्हाला सांगतो, मी पळालो हो, हा असा माणूस, जिन्याला दोनदा थांबतो तो, त्या गोदामाच्या सिमेंटवर त्या तांबड्या कुत्र्याबरोबर पळालो, कानात माझाच श्वास, बाजूला पडदा, पडद्यामागे कोंबड्या, खांब आला, चष्मेवाले आले, त्यांची खूण आली, झटका, झटका, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो वॉर्ड, खिडकीपाशी ही बसलेली, मागे बाई, हातात कंगवा, इतक्या हळू फिरवायच्या की टाळूला लागू नये, आणि मी पट्टा असा सैल धरला, असा सैल, की सरदारला वाटावं आपल्या मानेला कोणी धरलेलंच नाही, आणि तो जो चालला, अहो, मी त्याला पळवत नव्हतो, तोच मला घेऊन चालला होता, कोपरा आला, वळलो, दुसरा कोपरा आला, वळलो, आणि थांबलो जजसमोर. छाती फुटते की काय असं झालेलं. पण चूक एक नाही. एक नाही.

मनात म्हटलं, झालं. जा बाई. सुखात राहा.

मग बाईंनी बाळ्याला फिरवलं. गुडघा दुखतोय, म्हणून हळू. त्यांच्यामुळे बाळ्याही हळू, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत. मग जज म्हणाली, दोघांना शेजारी उभं करा.

मी सरदारला उभं केलं, म्हणजे तो उभा राहिला, मी बाजूला धापा टाकत. बाईंची नजर सरदारवर. एकदासुद्धा हलली नाही. मला डोळ्यांनी सांगतायत, मान वर, नळवाले, मान वर, पट्टा कानामागे घ्या. मी घेतोय. आणि मी बघतो तर काय, बाईंची नजर इकडे आणि हात बाळ्यावर. जन्मभराची सवय त्या हातांना. एका हाताने त्याचा तो बाहेर वळणारा पाय ढोपराशी उचलला आणि सरळ नेमका खाली ठेवला. एक बोट पोटाखाली, पाठ वर. दोन बोटं हनुवटीखाली. पाठीवरचे केस मागे, हळू, हळू. आणि बाळ्या, माझा बाळ्या, खुर्ची द्यावी असा वाटणारा, तो असा उभा राहिला की मी ओळखलाच नाही. मला वाटलं, हा कोणाचा?

जजही तिथेच बघत राहिली. सरदारकडे बघितलं. परत बाळ्याकडे. गुडघ्यावर बसून पाय बघितला. तिला कुठे माहीत होतं की तो वळतो? तिच्यासमोर वळलाच नव्हता.

बोट केलं. बाळ्याकडे.

बाळ्या पहिला. सरदार दुसरा. आता हाक मीच मारायची होती ना. मी एवढा हळू बोलणारा, पण इतका हळू कधीच बोललो नसेन. चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यामागून एक कोंबडी ओरडली. बाईंचं बोट अजून बाळ्याच्या पोटाखालीच होतं. त्यांनी खाली बघितलं, आपल्या हाताकडे. मग ते बोट काढलं, आणि बाळ्याचा पाय आपला परत बाहेर वळला.

चष्मेवाले आले, माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवतायत, कानाशी म्हणतायत, "मानलं तुम्हाला. कुत्री अदलाबदल करायची, हे माझ्या डोक्यात आलं नसतं." अहो, माझ्या तरी कुठे आलं होतं? मी झटका नाही दिला हो, मी नाही दिला, असं मला सांगायचं होतं, त्यांना नाही, बाईंना. त्यांनी बघितलं असेल ना? त्यांची नजर तर सरदारवरच होती, पट्टा सैल होता तो दिसला असेल ना? का त्यांना वाटत असेल, नळवाल्याने काहीतरी केलं? आणि मग माझ्या मनात दुसरंच आलं. इतकी वर्षं कुत्री धरलेली बाई. हात खरंच आपोआप चालतात का हो इतके? का त्या हातांनाच जायचं नव्हतं कुठे?

मी जवळ गेलो. पट्टे बदलले. त्यांनी बाळ्याचा माझ्या हातात दिला, मी सरदारचा त्यांच्या. दोन्ही भाऊ एकमेकांचे कान चाटत होते, त्यांना काय पहिला आणि काय दुसरा. मी म्हटलं, "बाई, पुढच्या वर्षी..." आणि माझं वाक्य, तुम्हाला माहीतच आहे, वेळ लागतो त्याला.

बाईंनी बाळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस मागे केले. माझ्याकडे बघितलं, एक क्षणभर, वॉर्डात बघायच्या तसं. आणि वळल्या आणि चालायला लागल्या, सरदारला घेऊन, जरा लंगडत, पडद्याच्या कडेकडेने, दाराकडे. रागावलेलं माणूस पाठमोरं असंच दिसतं, आणि पुढच्या वर्षी येणारं माणूसही पाठमोरं असंच दिसतं. मी दारापर्यंत बघत राहिलो.

कुत्रं असतं तर शेपटीवरून तरी कळलं असतं.